पापणीखालचा रंग

गेणू भाऊजी, म्हणजे माझे दीर, सकाळपासून माझ्याच अंगणात बसून आल्यागेल्याला सांगत होते, "आमच्या तेजूनं शोध लावला राव." मला ऐकवेना. माझी लेक तेजस्विनी मेंढरांमागं डबी घेऊन लेंड्या गोळा करायची, तेव्हा हेच म्हणायचे, "वहिनी, शिकून शिकून पोरगी लेंड्या येचाया लागली."

वीस वर्षं तिनं मेंढरांच्या पोटातले जंत भिंगाखाली धरले. परदेशात लोकांनी तिचं बसून ऐकलं. आमच्या लोणी गावात मात्र ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आमच्यात पावसाळ्याआधी एकाच दिवशी सगळ्या मेंढरांना जंताचं औषध पाजतात. प्रसादासारखं, एकालाही वगळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी औषध पिऊनही कोकरं गळ्याखाली सुजून मरायला लागली. तेजू म्हणाली, "सगळ्यांना पाजलं की औषधाला न मरणारे जंत तेवढे उरतात, मग त्यांचीच पिलावळ वाढती. जंत रक्त पितो. पापणी आतून फिकी दिसंल त्यालाच नवं औषध द्या. लाल असंल त्याला सोडा, म्हंजी औषधानं मरणारे जंतबी टिकतील."

भाऊजी चारचौघांत हसले. "म्हंजी मरतंय का बघत बसायचं? मी एक मेंढी देनार न्हाई."

"माझी चाळीस घे," मी लेकीला म्हणाले. मालक गेल्यापासून माझी चूल त्या चाळीसांवरच पेटत होती.

सारा पावसाळा दर आठवड्याला मी मेंढी गुडघ्यांत धरायची, लेक पापणी उलटायची. औषध लागलं नऊ जणींना. मेली एकही नाही. भाऊजींची सतरा गेली.

दोन वर्षं असंच झालं, म्हणून आज आसपासच्या गावांतले मेंढपाळ शिकायला आले होते. तेजूनं मेंढी मागितली. भाऊजींनी आपली आणली.

"काका, तुमीच बघा. रंग सांगा."

"पांढरीफट हाय गं."

तिनं औषधाची पिचकारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाजलं. दुसरी मेंढी लालबुंद निघाली, तरी सवयीनं त्यांचा हात तिच्या तोंडाकडं गेला. सगळे बघत होते. भाऊजींनी पुन्हा एकदा पापणी पाहिली, पिचकारी खाली ठेवली आणि मेंढी सोडून दिली.

मी ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊजी, लई उशिरा शिकलात. पर शिकलात. आना पुढची."