खळ्याची रुंदी

"उणे बारा मी खोडणार नाय, सांगून ठेवते!"

चिंचणीच्या किनाऱ्यावरील खळ्यात बांबूंवर बोंबील वाळत होते. त्यांच्या सावलीत बसून पुतळीने आपल्या कन्येला, उन्नतीला, निक्षून सांगितले. मायलेकींच्या मध्ये वाळूवर काडीने रेखिलेला आयत होता: लांबी रुंदीहून पाचाने अधिक, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. त्यातून वर्गसमीकरण सिद्ध झाले, अवयव पडले, सात आणि उणे बारा ही मुळे प्रकट झाली, तेव्हा पुतळीच्या मुखावर देवदर्शनाचे तेज उमटले. आज प्रथमच उत्तर तिचे तिला सापडले होते.

"आये, रुंदी उणे नसते गो. तसं लिहून ते सोडायचं. तू दोन्ही ठेवतेस, मार्क जातात, नि परत गणितातच लटकतेस."

"नसते कशी? खळं त्या खांबापर्यंत होतं, तुझी आजी तिथं बसून मासळी पालटायची. खांब आता पाण्यात. ती रुंदी उणे नाय तर काय?"

"पुस्तकात शेत आहे, खळं नाय!"

"मंग पुस्तकवाल्याला आण इथं, भरतीच्या टायमाला!"

दोघी खळखळून हसल्या. परंतु खळे वर्षागणिक आकसत होते. बर्फाच्या कारखान्यात वजने लिहिण्याचे काम पुतळीला मिळणार होते, मात्र दहावी उत्तीर्ण झाल्यासच. आणि तिचा एवढा एकच विषय उरला होता.

डहाणूच्या परीक्षागृहात तिने प्रश्नपत्रिका उलटली. तोच आयत! अंक निराळे, शेताच्या जागी अंगण. पण ओळख पटली. लेखणी धावू लागली. मध्यपदाचे दोन भाग झाले, कंस जुळले, मुळे आली: एक धन, एक ऋण. तेथे मात्र ती थबकली. मग एकेक अक्षर जपून काढीत तिने लिहिले, 'परंतु रुंदी कधीही ऋण नसते.'

बाहेर उन्नती उभी होती. पुतळी पळतच आली.

"आलं गो, आलं! सगळं आलं!"

"नि उणेवालं?"

"सोडलं." पदराने कपाळ पुसून ती म्हणाली, "कागदावर."

सायंकाळी चिंचणीला ओहोटी होती. पुतळी लुगडे खोचून पाण्यातून खांबापर्यंत चालत गेली. त्यावरचे शेवाळ तिने तळव्याने पुसले आणि सासू बसत असे तशी, किनाऱ्याकडे तोंड करून, ती तेथे उकिडवी बसली.

ओहोटी असूनही पाणी तिच्या कमरेपर्यंत आले.