शालिकरामच्या चपला

"हे पाहा, हे पाहा! डिट्टो आपला शालिक!" टीव्हीकडे बोट दाखवून मी ओरडलो, आणि माझं अख्खं हॉटेल हसलं.

पडद्यावर आमच्या किरनापूरचा तेजराम होता. मालिकेत तो पोलिसांचा मुखबीर. जंगलातल्या बंदूकवाल्यांच्या घरी जेवायचं आणि त्यांचीच खबर द्यायची, असं त्याचं काम. जेवायला बसण्याआधी तो वाकून चपलांची तोंडं रस्त्याकडे फिरवायचा. मग घास हातात धरून बसायचा. वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे त्याला पाहवत नसे.

ही चपलांची तऱ्हा त्याच्या मामाची, म्हणजे शालिकची. शालिकराम लांजीपलीकडच्या जंगलातल्या गावांत तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होता.

मी तेजरामला फोनवर विचारलं होतं, "इतकं कसं जमलं रे तुले?"

"मामाले पाहे न मी लहानपणी. जेवताना वाटे, हा मानूस घरात नाहीच. पर त्याहिले सांगू नका, काका."

न सांगता राहील तो हिरालाल कसला! मस्करी हाच माझा खरा धंदा, चहा आपला जोडीला. महेंद्र मास्तरच्या दारात मी लग्न नसताना बँड उभा केला होता.

त्या दुपारी लांजीकडचे आठ-दहा जण बसची वाट पाहत चहा पीत होते. मी नवं सिम घातलं, स्पीकर लावला आणि शालिकला फोन केला. मालिकेतल्या इन्स्पेक्टरचा जाडा आवाज काढला, "क्या खबर है?"

लोकांनी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबले.

पलीकडून हळूच आवाज आला, "साब, नंबर बदला तो भी दिन में फोन मत करो. शनिवार को खुद आके बताता हूँ. घर में बाई है, उसको कुछ मालूम नहीं."

कुणीच हसलं नाही. एकानं बशी टेबलावर ठेवली.

"अरे, आमचं ठरलंतं!" मी म्हणालो. "मीच शिकवलं त्याले असं बोलाले!"

तिघं अर्धा चहा टाकून उठले. बसला अजून वेळ होता. तिकडच्या गावांत मुखबीर ठरलेला माणूस कितीसा जगतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी धावतच शालिकचं घर गाठलं. तो जेवत होता. उंबऱ्याशी चपला, तोंडं रस्त्याकडे. मी सगळं सांगितलं.

"कोन कोन होतं?"

मी नावं घेतली. तिसऱ्या नावाला त्याचा हात थांबला.

"त्याच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढली मी," तो म्हणाला.

"उठ. माही गाडी आहे. आताच्या आता बालाघाटले चाल."

तेवढ्यात त्याची बायको शांताबाई भात घेऊन बाहेर आली. "काय झालं, भाऊजी? तोंड काहून असं पडलं?"

"काही नाही," शालिकच बोलला. "मस्करी करून राह्यला, नेहमीसारखा." ती हसत आत गेली. मग हळूच म्हणाला, "सकाळी ये. आज हिले सांगतो. बारा वर्षं सांगतलं नाही, असं कसं उठून जाऊ?"

सकाळी उजाडताच मी गाडी घेऊन गेलो. दार सताड उघडं. शांताबाई आत भिंतीला टेकून बसली होती.

"नेलं त्याहिले," ती म्हणाली. "चपला घालतो म्हनत होते, तेबी घालू नाही देल्ल्या."

मी रस्त्यावरच उभा राहिलो.

"रातभर सांगतो सांगतो म्हनले, आन् माह्याकडे नुसते पाहत राह्यले." तिनं डोळे पुसले. "तुम्ही तरी सांगा, भाऊजी. काल काय मस्करी केलती?"

उंबऱ्याशी चपला तशाच होत्या. त्यांची तोंडं माझ्याकडे होती.