सिमेंटवर पसरलेलं सोयाबीन

तर

धामणटेकच्या छोट्या लाइनवरची रोजची गाडी कधीच बंद पडली होती. मग गावातल्या हौशी मंडळानं एक इंजिन आणि दोन डबे दुरुस्त करून दर रविवारी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत फेरी सुरू केली. शेगाव-अकोल्याकडची माणसं येत, लेकरांना खिडकीशी बसवत, भजी खात आणि परत जात. गाडीला हिरवी झेंडी दाखवायचे उकंडराव. रेल्वेत ते गँगमन होते. सगळी नोकरी रुळांवर सब्बल, म्हणजे पहार, धरण्यात गेली, झेंडी काही हाती आली नाही. मंडळानं ती दिली, आणि म्हातारा रविवारची वाट पाहू लागला.

पण

बुलढाण्याहून योजना आली. रूळ काढायचे आणि त्या जागी चालायला, सायकल चालवायला सिमेंटची वाट करायची. वाट झाली की गाडी संपली. निकाल ग्रामसभेत लागणार होता. स्टेशनामागच्या जुन्या सायडिंगचे रूळ आधीच उखडलेले, म्हणून तिथं नमुन्याचा एक तुकडा बांधूनही झाला.

सून डिंपल वाटेच्या बाजूची.

"मामाजी, काजल सायकलनं शाळेत जाते. रोडनं रेतीचे टिप्पर कसे पळतात, पाह्यलं ना तुम्ही?"

"मंग टिप्पर बंद करा म्हना. माही गाडी काऊन बंद करता?"

"टिप्पर कोनाच्या बापाच्यानं बंद होते का?"

नातीचं नाव निघालं की उकंडरावांचा हट्ट लंगडा पडे. ते चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून

जे सरळ होईना ते वाकड्यानं करायचं त्यांनी ठरवलं. अवकाळीनं गावाचं काढलेलं सोयाबीन भिजलं होतं. पसरायला कोरडी जागा नव्हती, आणि रोडवर पसरावं तर टिप्पर. उकंडरावांनी मनात मांडलं: योजनेचे साहेब नमुना पाहायला येतील, तिथं सायकलीऐवजी सोयाबीन दिसेल. म्हणतील, या लोकांना वाट देऊन काय उपयोग?

पारावर पुंजाजी बसले होते.

"पुंजाजी, माल कोंब धरून राह्यला म्हंतात तुमचा."

"हाव ना. कुठी पसरू? तुमच्या टकलावर?"

"टक्कल पुरनार नाई. स्टेशनामागं पाहा. कोरं सिमेंट आहे, सरकारी."

पुंजाजी हसले. हसता हसता उठले आणि घरी न जाता थेट बैलगाडी जुंपायला गेले.

आणि मग

दुपारपर्यंत नमुना दिसेनासा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन. उकंडरावांनी संशय नको म्हणून आपलीही पोती तिथंच ओतली.

डिंपल धावत आली. "ईच जागा सापडली का सगळ्याईले? साहेब येऊन राह्यले परवा!" मग तिला घरची पोती दिसली. "मामाजी, हे तुमचं काम."

"मी काय केलं? माल ओला आहे."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. गाडीतून उतरले आणि उभेच राहिले.

"ही चालायची वाट आहे," ते म्हणाले.

उकंडरावांना वाटलं, जिंकलो.

सरपंच सिंधूताई खाली वाकल्या. मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली धरला. कट्ट वाजला.

"दोन उनात वाळलं, साहेब. ना माती, ना खडा. पूर्न वाट अशीच होईन का?"

"अशीच."

"थेट पायथ्यालोक?"

"हो. म्हणजे, चालायला..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पायथ्यापर्यंत सिमेंट, आणि त्यावर एकही टिप्पर नाही! तोवर वाटेच्या नावानं नाक मुरडणारे पुंजाजी म्हणाले, "अबे, हे आधी काऊन नाई सांगतलं कोनी?"

तरी

त्याच दिवशी ग्रामसभेत वाटेसाठी हात वर झाले. पुंजाजींनी दोन्ही केले, एक खाली घ्यायला लावावा लागला.

"विरोधात कोणी?" साहेबांनी विचारलं.

उकंडराव उठले. एकटेच.

"कारण?"

"गाडी."

कोणीतरी फिसकन हसलं. सिंधूताईंनी तिकडे पाहिलं. "लिहा साहेब, एक विरोध. पूर्न नाव लिहा त्याईचं."

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि सभा मोडून सगळे मालाकडे पळाले. उकंडराव पोहोचले तेव्हा डिंपल फावड्यानं ढीग करत होती. त्यांनी पोत्याचं तोंड फाकवून धरलं.

"पोरी, या मालातून काजलची सायकल कुठून जाईन?"

"एक बाजू मोकळी ठेवा म्हनून सांगू लोकाईले."

"आयकतीन?"

"तुम्ही सांगा. तुमचं आयकतात. पाह्यलंच ना आपन."

उकंडरावांनी पोतं आपटून दाणे खाली बसवले. पोतं भरत आलं.

"सांगीन," ते म्हणाले. "पन रूळ निघेपर्यंत रविवार सोडून. रविवारी मले गाडी आहे."