दुसऱ्या ओळीतलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे, पण दप्तरातली नव्हे. दप्तरातल्या पेन्सिली चावल्या जातात, हरवतात, उसन्या जातात आणि परत येत नाहीत. मला कुणी खिशात घालून नेलं तर त्याला दंड होतो. माझ्या काळ्या अंगावर सरकारी अक्षरं कोरलेली आहेत आणि माझं शिसं कुठल्याही खोडरबराला दाद देत नाही. आमच्या इटलीत मत द्यायचं ते माझ्यासारख्या पेन्सिलीनंच. मतदार टेबलावरून मतपत्रिका उचलतो, मला उचलतो, पडद्याआड जातो. येताना मतपत्रिका पेटीत पडते आणि मी टेबलावर.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही; जन्माच्या वेळी आम्ही सगळ्या सारख्याच उंच होतो. तिथून खोक्यात भरून आम्हाला जिल्ह्याच्या कचेरीत पाठवलं आणि एका लोखंडी कपाटात कोंडलं. तिथून आम्ही एक-दोन वर्षांनी कधीतरी बाहेर पडायचो. कधी रोमच्या संसदेसाठी, कधी युरोपच्या संसदेसाठी, कधी गावच्या नगरपालिकेसाठी. दरवेळी तोच डोंगरावरचा गाव, रोक्कासेल्वा. तीच प्राथमिक शाळा, तोच दुसरीचा वर्ग, आणि केंद्रप्रमुखाच्या खुर्चीत तेच एजीदिओ मास्तर. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण ओरडणं तेच राहिलं. "पेन्सिल! पेन्सिल ठेवून जा! सरकारची आहे, तुझ्या सासऱ्याची नाही!"

मतदान गुप्त असतं हे मला ठाऊक आहे. कुणी कुणाला मत दिलं हे मी सांगत नाही. पण नावं मोजायला मला कुणी मनाई केलेली नाही. मोजण्याची मला खोडच आहे म्हणा ना. फुली मारताना मी फारशी झिजत नाही, नाव लिहिताना झिजते. त्यामुळे कुणाचं नाव किती वेळा लिहिलं याचा हिशेब माझ्या अंगावरच उतरतो. माझ्या पहिल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मी एकशे सात नावं लिहिली. त्यातली बायकांची चार. चारपैकी दोन एकाच बाईची होती, आणि ती मेयरची बहीण होती. पुढं युरोपच्या संसदेसाठी मतदान झालं तेव्हा बायकांची नावं जरा वाढली. मला आनंद झाला. मग माझ्या लक्षात आलं की ती संसद फार लांब आहे. लांबच्या खुर्चीत बाई बसली तर चौकातल्या कॉफीच्या दुकानात कुणाचं काही बिघडत नाही. चौकातल्या खुर्चीत बसायची म्हटली की हात अडखळायचा. तो अडखळणारा हात मी कितीदा तरी पेलला आहे.

मग एक नवा नियम आला. उमेदवारांच्या ज्या यादीला मत द्यायचं तिच्या खुणेवर फुली मारायची आणि शेजारच्या दोन ओळींत दोन उमेदवारांची आडनावं लिहायची. मात्र दोन लिहिलीत तर एक पुरुषाचं आणि एक बाईचं. पूर्वी एकच ओळ असायची आणि तीत पुरुष बसायचा. आता दुसरी ओळ उघडली. गावातले पुढारी शहाणे. प्रत्येकानं आपल्याला जोडीला एकेक बाई शोधली, जत्रेतल्या नाचासाठी शोधतात तशी. 'माझं लिहा आणि हिचं लिहा' असं म्हणत जोड्या दारोदार फिरू लागल्या. त्या वर्षी मी इतकी झिजले की मास्तरांना दोनदा टोक काढावं लागलं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आता मी तुम्हाला रोक्कीनाची गोष्ट सांगते.

रोक्कीना तेलेस्का शाळेची बस चालवायची. ती गावाच्या वरच्या आळीत राहायची. बारा नगरसेवकांत वरच्या आळीचं कुणी नव्हतं. वरच्या आळीत मुलं थोडी, वळणं फार, म्हणून तिथली बस बंद करायची असं नगरपालिकेत घाटत होतं. रोक्कीना सभेला जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसायची. एकदा उठून बोलायला लागली तर शिपायानं तिला खाली बसवलं. बाकावरच्यानं ऐकायचं, बोलायचं ते खुर्चीतल्यानं, असा तिथला कायदा. तिला ती खुर्ची हवी होती. बोलता यावं, एवढ्यासाठीच.

ती उमेदवार झाली. यादीच्या म्होरक्यानं तिची जोडी सिमेंटवाल्या गाएतानोशी जुळवली. वरच्या आळीतल्या बायकांना हे रुचलं नाही. गाएतानोनं दहा वर्षांपूर्वी त्यांना जो रस्ता कबूल केला होता, त्यावर अजून बकऱ्याच चालत होत्या. त्याच यादीत औषधाच्या दुकानाच्या दोनाता सुम्मा होत्या. सगळा गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा. एक पुरुष, एक बाई हा पुढाऱ्यांचाच हट्ट, असं बायकांना वाटायचं. त्यांनी ठरवलं, पुरुषाचं नाव लिहायचंच कशाला? दोन ओळी आहेत, दोन बायका आहेत. दोघींचीही लिहू.

मतदानाच्या रविवारी सकाळी वर्गाच्या दारापर्यंत त्यांची रांग लागली. सर्वांत पुढे रोक्कीनाची आत्या फिलोमेना, नव्वदी ओलांडलेली, काळा झगा, पायात नवे बूट.

"आत्या, आज ओठ रंगवलेत की काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग! पहिल्यांदा मत दिलं तेव्हा आम्हाला बजावलं होतं, ओठ रंगवून येऊ नका, मतपत्रिका पाकिटासारखी जिभेनं चिकटवताना रंग लागला तर मत बाद. तेव्हाचं राहिलेलं आज फेडतेय."

रांग खदखदून हसली. इतक्यात मत द्यायला आलेला गाएतानो पुढं सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्या, ऐका. दोघी बायकांची नावं लिहाल तर दुसरं कापतात. खरंच सांगतोय."

"बाई गं," फिलोमेना म्हणाली, "रस्ता करायला जमला नाही, तर हा वकील झाला!"

"आत्या, नियमच आहे तसा."

"नियम म्हणे! तुझं नाव लिहिलं नाही की लगेच नियम आठवतो होय रे?"

"शपथेवर सांगतो..."

"रस्त्याचीही शपथच घेतली होतीस."

मास्तर ताडकन उठले. "गाएतानो! मतदान केंद्रात प्रचार चालायचा नाही. एक शब्द आणखी बोललास तर पोलिसाला बोलावतो. आणि बायांनो, नियम काय ते भिंतीवर लावलेत. वाचा आणि पुढं व्हा."

भिंतीवर मोठा कागद होता खरा. वरच्या खिळ्याला लावलेला, मुंग्यांएवढी अक्षरं. फिलोमेनाचा चष्मा घरी होता आणि बाकीच्यांना हसण्यातून वेळ नव्हता. एकदाच काय ते गाएतानो खरं बोलला, आणि ते त्याच्या तोंडून आलं म्हणून वाया गेलं. मला सगळं कळत होतं. मी टेबलावर आडवी पडून होते. पेन्सिलीला टोक असतं, तोंड नसतं.

मग त्या एकेक करून आल्या. जाड बोटं, पिठाळलेली बोटं, थरथरणारी बोटं. सगळ्यांनी एकसारखंच लिहिलं. वरच्या ओळीत सुम्मा, खालच्या ओळीत तेलेस्का. असं का? तर रोक्कीनानंच घरोघर सांगितलं होतं, 'डॉक्टरीणबाईंचं वर लिहा, माझं खाली. त्या शिकलेल्या. मी बस चालवणारी, मी वर बसलेली बरं दिसतं का?' मी मोजत होते. माझ्या एकटीच्या टोकातून त्या दिवशी अडतीस वेळा तेलेस्का उतरलं, अडतीसही वेळा खाली.

दुपारी रोक्कीना स्वतः आली. पडद्याआड तिनं मला हातात घेतलं. तिच्या तळव्याला बसच्या स्टिअरिंगचे घट्टे होते. वरच्या कोऱ्या ओळीवर तिनं मला टेकवलं आणि थांबली. मग तिनं भराभर काय ते लिहिलं, मला टेबलावर ठेवलं आणि मास्तरांना "आभारी आहे" म्हणून गेली.

सोमवारी दुपारी मोजणी सुरू झाली. रोक्कीना यादीची प्रतिनिधी म्हणून मागच्या बाकावर बसली होती, दुसरीतल्या मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. मास्तर एकेक मतपत्रिका उलगडून मोठ्यानं वाचत आणि लोरेदाना नावाची मुलगी लिहून घेई.

"सुम्मा. दुसऱ्या ओळीत तेलेस्का. दोन्ही बायका. दुसरी पसंती रद्द."

रोक्कीना हसली. तिला वाटलं मास्तर चुकले.

"सुम्मा. तेलेस्का. दुसरी रद्द."

ती उभी राहिली. "मास्तर, अक्षर लागत नाही का?"

"लागतंय की. छान अक्षर आहे."

"मग?"

"मग नियम आहे, रोक्की. एक पुरुष, एक बाई. दोन पुरुष लिहिले तरी दुसरा कापतो."

"दोन पुरुष किती आले?"

मास्तरांनी लोरेदानाकडे पाहिलं. "आतापर्यंत एकही नाही," ती म्हणाली.

"आणि दोन बायका?"

"ते मोजत नाहीत," मास्तर म्हणाले. आवाज खाली आला होता. "रद्द झालेली पसंती मोजायची नसते."

मित्रांनो, तो नियम वाईट नव्हता हे मी कबूल करते. तो नसता तर रोक्कीनाचं नाव यादीतही आलं नसतं. नियम करणाऱ्यांनी दुसरी ओळ बाईसाठी उघडली. पण कुणी पहिली ओळही बाईलाच देईल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

संध्याकाळी सगळ्या केंद्रांचे आकडे फोनवर आले. त्यांच्या यादीला आठ खुर्च्या मिळाल्या, ज्यांची नावं सगळ्यांत जास्त लिहिली गेली त्या आठ जणांना. डॉक्टरीणबाई तीनशे एक्क्याण्णव मतांनी पहिल्या. आठवा गाएतानो, एकशे अडुसष्ट. नववी रोक्कीना, एकशे त्रेचाळीस. पंचवीस मतं कमी पडली. आणि माझ्या एकटीकडे अडतीस होती! वर्गात चार पेन्सिली होत्या. बाकीच्या तिघींकडे किती होती ते मी विचारलंच नाही, मला पुढं ऐकवलं नसतं. त्या बायकांनी फक्त वरचं खाली आणि खालचं वर लिहिलं असतं, तरी डॉक्टरीणबाई निवडून आल्या असत्या आणि रोक्कीनाही.

फिलोमेना निकाल ऐकायला आली होती. "म्हणजे तो गाएतानो खरं बोलत होता?"

"हो, आत्या."

"जन्मात एकदा बोलला, आणि तेही नेमकं आम्हीच ऐकायचं राहिलं." मग ती पुतणीजवळ सरकली. "तू काय लिहिलंस गं?"

रोक्कीना खाली बघत राहिली. "सगळ्यांनी लिहिलं तेच. त्या वर, मी खाली."

"पडद्याआड? कुणी बघत नसताना?"

"हो."

"स्वतःच्या मतपत्रिकेवरसुद्धा?"

"सवय, आत्या," रोक्कीना म्हणाली.

लोरेदानानं लिहिणं थांबवलं. फिलोमेनानं पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मास्तर कागद बांधू लागले, पेन्सिली मोजू लागले. एक, दोन, तीन. चौथी मी, रोक्कीनाच्या हातात होते. तिनं मला टेबलावरून उचललं होतं. समोर तिच्याच प्रचाराचं छोटं कार्ड पडलं होतं. तिनं ते उलटं केलं.

"रोक्की, सरकारी पेन्सिल आहे ती," मास्तर म्हणाले.

"एकच नाव लिहितेय, मास्तर. तेवढ्यानं सरकार बुडायचं नाही."

तिनं माझं टोक जिभेवर ओलं केलं. असं केलं की माझं शिसं करडं राहत नाही, गर्द जांभळं उतरतं. हे जुन्या माणसांनाच ठाऊक असतं. कोऱ्या पाठीवर अगदी वर, सावकाश, शाळकरी मुलीसारखं दाबून तिनं लिहिलं: तेलेस्का. खाली काही नाही. तिनं त्यावर फुंकर घातली, कार्ड खिशात ठेवलं आणि मला मास्तरांच्या हातात दिलं.

मी ज्या निवडणुकांत लिहिलं, त्यांतलं मला सगळ्यांत आवडलेलं नाव तेच. ते कुठल्याही बेरजेत आलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा कपाटात आले. वरच्या आळीची बस चालू आहे की बंद झाली, मला कळायला मार्ग नाही. रोक्कीना पुन्हा उभी राहील का, हेही नाही. बोटभर उरले आहे मी; बोटभर पेन्सिली बदलाव्यात असं कचेरीतली माणसं म्हणताना मी ऐकलं आहे. म्हणून मित्रांनो, माझी विनंती. माझं टोक उगाच काढू नका, आणि मला फेकून देऊ नका. माझ्यात अजून तीनेकशे नावं शिल्लक आहेत, मी मोजली आहेत. बाकीची कुणीही कुणाचीही लिहावी. एक मी राखून ठेवलं आहे. पडद्याआड, घट्टे पडलेल्या त्या हातानं, वरच्या ओळीत.