कुलपातली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटात घालायची नव्हे. पोहण्याच्या तलावावर बुडणाऱ्याकडे फेकायची. अंगावर नारिंगी-पांढरे पट्टे, कडेला बांधलेली लांब दोरी आणि ठळक इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: 'सेव्ह'.

मी नवी आले तेव्हा पोहायला शिकवणाऱ्या ताईंनी मला पोरांसमोर धरलं. "सांगा, सेव्ह म्हणजे काय?"

"फुटबॉलमध्ये गोल अडवणं!" "कॉम्प्युटरवर चित्र ठेवणं!" "खाऊचे पैसे साठवणं!"

"सगळं बरोबर. आणि ही रिंग माणूस वाचवते."

"आणि तिला कोण वाचवणार?" मागून तलावाचे व्यवस्थापक काका गुरगुरले. "आधीच्या रिंगचा तुम्ही खेळायचा चेंडू केलात. ही मी जपणार."

काका वस्तूंना जिवापाड जपत. त्यांच्या खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी काचेची पेटी करून घेतली आणि तिला कुलूप ठोकलं. येणारे-जाणारे म्हणत, "वा, नवीकोरी!" सुरुवातीला मी फुशारले. मग मात्र चैन पडेना. समोर कुणाला नुसता ठसका लागला तरी माझा जीव टांगणीला लागे. दोरी गुंडाळीतच ताठरत चालली होती.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर ताई एकट्याच खोल पाण्यात उतरल्या आणि त्यांच्या पायात गोळा आला. हात वर झाला, डोकं खाली गेलं. काठावर केस पुसणाऱ्या पोरी हसल्या. ताई गंमत करताहेत असंच त्यांना वाटलं. मला ताईंचा चेहरा दिसत होता. काचेआड मी नुसती तडफडत होते.

"काका! ताई बुडताहेत!" शेवटी एक पोरगी किंचाळली.

काका धावत आले. खिसे चाचपले. किल्ली धुवायला टाकलेल्या पँटमध्ये राहिली होती. क्षणभर ते त्या लखलखीत काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टूल उचललं आणि काचेवर हाणलं.

दोरीचा गुंता सुटेना. त्यांनी तसंच मला फेकलं; मी अर्ध्यातच पडले. काकांना पोहता येत नव्हतं. तरी मला ओढून घेऊन ते बुटांसकट शिडीवरून गळ्याएवढ्या पाण्यात उतरले, एका हातानं शिडी घट्ट धरली आणि दुसऱ्यानं मला पुन्हा भिरकावलं. ताईंची बोटं माझ्या दोरीत अडकली आणि काकांनी आम्हा दोघींना शिडीपाशी ओढून घेतलं.

काठावर ताई खोकत होत्या, काका रडत होते. "पेटी मीच केली हो... मीच!"

"आधी बूट काढा," ताई कशाबशा म्हणाल्या. "मग रडा."

आता मी उघड्या आकड्यावर असते. पोरं रोज मला फेकून सराव करतात. रंग उडालाय, एका बाजूला भेगही पडलीय. मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण हात पोहोचेल अशा जागी. माझी दोरी वरचेवर सोडवून बघा, आणि भेग वाढली की खुशाल नवी आणा.

हल्ली काकाही पोहायला शिकतात. उथळ पाण्यात मला छातीशी कवटाळून पाय मारतात.

"आता सोडा तिला," ताई ओरडतात.

"सोडतो, सोडतो," म्हणत ते आणखीच आवळतात.

परवा मात्र त्यांनी डोळे मिटले आणि खरंच सोडलं. मी हलकेच मागोमाग तरंगत राहिले. फार लांब नाही, त्यांच्या हाताच्या टप्प्यात.