कोपरा उसवून

"तीनच भोकं?" बरगडीवरच्या पट्ट्या चाचपत अब्दुल सत्तारनं बायकोला विचारलं. "अन् येवढ्यातून छाती साफ केली म्हनते?"

"दुर्बीन टाकून केली म्हने," खुर्शीदबी म्हणाली.

"मले काय येडं समजते काय?"

सत्तार अकोल्याच्या जुन्या शहरातला पिंजारी. मशीन आली तरी तो हातानंच पिंजायचा. गादी उसवायची, दबलेला कापूस पिंजून मोकळा करायचा, परत भरून शिवायची, यात हयात गेलेली. या धंद्यातली लबाडीही त्याला पक्की ठाऊक होती. लबाड पिंजारी गादीचा फक्त कोपरा उसवतो, तिथून चार मुठी पिंजलेला कापूस कोंबतो आणि आतला गठ्ठा तसाच ठेवून टाके घालतो. म्हणून तर गिऱ्हाईक पिंजाऱ्यासमोर ठाण मांडून बसतं. कापसाचा भाव पडून शेतकऱ्यांचे हात आखडल्यापासून लोक जुन्याच गाद्यांवर भागवत, आणि नजर अधिकच बारीक ठेवत. सत्तारला त्याचा राग नव्हता. कर नाही त्याला डर कशाला?

इथं अमरावतीच्या या दवाखान्यात मात्र खुद्द गिऱ्हाईकालाच झोपवून टाकलं होतं.

डॉक्टर दामिनी तपासायला आल्या. "चाचा, फुप्फुसाभोवती पू साचून जाड साल धरली होती. ती सोलून काढलीय. आता श्वास पुरता भरेल. पण पिंजणं बंद. कापसाची धूळ तुमच्या छातीला यापुढे चालायची नाही."

सत्तारचा चेहरा उतरला. त्याचा विश्वास बसेना म्हणून बाईंनी ऑपरेशनचं चित्रण पडद्यावर लावून दाखवलं. लांब चिमटा पिवळट थर ओढून काढत होता. जुन्या खोळीला चिकटलेला कापूस असाच निघतो. सत्तार डोळे बारीक करून बघत राहिला.

"हे फिलिम माहीच कशावरून? याच्यात माहं तोंड कुठी दिसते?"

बाई हसल्या. "आतून सगळ्यांची छाती सारखीच दिसते, चाचा."

"मी तेच तं म्हनून राहिलो."

एसटीतून घरी परतताना तो बायकोला म्हणाला, "जिनं आतलं काही काढलंच नाही, तिची बंदी मी काहून मानू?"

खुर्शीदबी नवऱ्याला आतून-बाहेरून ओळखत होती. डॉक्टरीण खोटी निघाली, की तिची बंदीही खोटी ठरणार होती. बिचारा त्याच आशेवर होता.

जखमा भरल्या. घरात सर्वांनी नको नको म्हटलं, तरी एके सकाळी त्यानं धनुष्यासारखं पिंजण खुंटीवरून खाली काढलं. मैनाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी गादी घेऊन आली होती.

"समोर बसतो बरं मी. राग नको मानू भाऊ."

"बस ना माय. तुहा हकच आहे तो."

त्यानं गादी पुरती उसवली, पिंजणाची तात, म्हणजे त्याची दोरी, ताणली आणि तिच्यावर लाकडी दस्ता मारला. तात घुमली, कापूस उडाला. ऑपरेशनआधी दोन-चार ठोक्यांतच त्याला धाप लागायची. आज हात चालतच राहिला. श्वास पार खालच्या बरगडीपर्यंत उतरत होता, कुठंच अडत नव्हता. किती वर्षांनी! त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं हसला.

आणि हसता हसताच त्याचा हात थांबला.

ऑपरेशनच्या वेळी समोर कोणी बसलेलं नव्हतं, तरी डॉक्टरबाईंनी आतला गठ्ठा अख्खा काढला होता.

"काय झालं गा?" मैनाबाईनं विचारलं.

"डॉक्टरीन खरी निघाली."

"मंग चांगलं झालं ना! रडून काहून राहिला?"

त्यानं कापूस गोळा करून खोळीत भरला, तोंड बांधलं आणि गादी तिच्यापुढं सरकवली.

"मशीनवाल्याकडं ने. पन तिथून हालू नको. समोरच बसजो."

ती गेल्यावर त्यानं पिंजणाची तात सैल केली. मग अंगावरचा कापूस झटकून तो बाहेर ओट्यावर, वारा येतो त्या बाजूला जाऊन बसला.