बिलिंग्जवालीची बिनधक्क्याची रायफल

मित्रांनो, माझी ओळख करून देताना दुकानदार एकच वाक्य म्हणायचा, "हिला धक्का नाही." इतकंच. बाकी माझ्यात सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. आता मी जुनी झाले आहे, जिन्याखालच्या कपाटात झाडू आणि बर्फाच्या बुटांशेजारी उभी असते. माझ्या नळीला गंज चढू लागला आहे. पण एके काळी अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या त्या भागात माझ्याइतकं सरळ बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं.

मी श्रीमंत घराण्यातली नव्हे. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा नाही, साध्या काळ्या प्लास्टिकचा आहे. कारखान्यातून आमची खेपच्या खेप बाहेर पडली, तेव्हा कोणी आमच्यावर फुलं कोरली नाहीत. पण माझी नळी जाड आणि जड होती, तिच्या आतले आटे घट्ट होते, आणि मी खात असे ते काडतूस बारीक होतं. असली काडतुसं तिकडे किराणा दुकानातसुद्धा मिळतात. जड अंग आणि हलका घास, म्हणून गोळी सुटताना मी मागे उसळत नसे.

मार्लिस दुकानात आली तेव्हा तिच्या उजव्या भुवईवर ताजे टाके होते. दुकानदार हर्ब याने ते पाहिले आणि तो हसला.

"स्कारांकडची नवी सून का?"

"कसं ओळखलंत?"

"त्या घरात आलेल्या प्रत्येकाची भुवई अशीच फुटते. म्हाताऱ्याने ती जबर धक्क्याची मॅग्नम बंदूक हातात दिली असेल, आणि म्हणाला असेल, डोळा दुर्बिणीला अगदी चिकटव. मग धक्क्याने तीच दुर्बीण भुवईवर आदळते."

"अगदी तेच म्हणाले," मार्लिस म्हणाली. "आणि रक्त वाहायला लागल्यावर सगळे पोट धरून हसले. माझा नवरासुद्धा."

हर्बने आणखी चेष्टा केली नाही. त्याने तिला चार-पाच बंदुका दाखवल्या. एक फार देखणी होती, तिच्यावरून मार्लिसचा हात निघेना. तेव्हा तो म्हणाला, "हे बघ ताई, बंदूक स्वस्त घे आणि उरलेले पैसे दुर्बिणीत घाल. कागदावर नेम धरायचा असो की कुरणातले प्रेअरी डॉग टिपायचे असोत, जे दिसत नाही ते लागत नाही. आणि हिला धक्का नाही. मोठ्या बंदुकीने गोळी मारली की सगळं जग उसळतं, गोळी कुठे गेली ते दुसऱ्याला विचारावं लागतं. हिच्यातून तुला तुझी गोळी लागताना दिसेल."

मार्लिसने मला खांद्याला लावलं. आधी तिने डोळे गच्च मिटले होते. मग हळूच उघडले. मित्रांनो, मला निवडलं गेलं तो क्षण हा असा होता, एका घाबरलेल्या बाईच्या टाके पडलेल्या डोळ्यासमोर.

प्रेअरी डॉग तुम्ही पाहिले नसतील. नावात कुत्रा असला तरी ते खारीचे भाऊबंद. ते कुरणात बिळं करतात, आणि त्या बिळात पाय अडकून घोड्यांचे आणि वासरांचे पाय मोडतात. म्हणून रँचवाल्यांना, म्हणजे गुरांचे मोठे मळे असणाऱ्यांना, ते डोळ्यांसमोर नको असतात. बिळाच्या तोंडाशी ते दोन पायांवर उभे राहतात, पुढचे दोन पाय छातीशी जुळवतात, आणि जेवणाआधी प्रार्थना म्हणावी तसे स्तब्ध होतात. मी कित्येकांची प्रार्थना अर्धीच ठेवली. मला वाईट वाटलं का? नाही. मला वाईट वाटण्यासाठी बनवलेलं नव्हतं. मार्लिसला पहिल्या दिवशी वाईट वाटलं. ती गोळी लागताना दुर्बिणीतून सगळं पाहत होती, आणि घरी येऊन ती जेवली नाही. आठवड्याभरात तिला भूक लागू लागली. दुसऱ्या वसंतात ती लांबच्या नेमात नवऱ्यालाच काय, शेजाऱ्यांनाही मागे टाकू लागली.

तिचा सासरा ऑरिन स्कार. उंच, वाळका, आणि जिभेला काटे असलेला म्हातारा. सुनेला तो नावाने हाक मारत नसे, तिचं माहेर बिलिंग्ज शहरात म्हणून तो तिला "बिलिंग्ज" म्हणे. ऑरिन मोठ्या घरात एकटा राहायचा. पाच खोल्या, मोठी शेगडी, गरम पाण्याचे नळ. मुलगा लायल आणि मार्लिस अंगणापलीकडच्या पत्र्याच्या फिरत्या घरात राहायचे. थंडीत तिथले नळ गोठत, आणि मार्लिस चुलीवर बर्फ वितळवून भांडी घासायची. तिने एकदा नव्या पाइपची गोष्ट काढली. ऑरिन म्हणाला, "बिलिंग्जला परत जा की. तिथे भिंतीतून गरम पाणी येतं म्हणे." लायल बूट बघत उभा राहिला. लायलला बूट बघण्याची सवयच होती.

त्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मे महिन्यातली डागणी. आसपासचे रँचवाले जमतात, वासरांना दोरीने पाडून डाग देतात, आणि मग लांब टेबलांवर भाजलेलं मांस, घेवड्याची उसळ आणि बायकांनी भाजून आणलेले, फळं भरलेले गोड 'पाय' मांडले जातात. जेवणानंतर टेकडीवर टांगलेल्या पांढऱ्या लोखंडी ताटलीवर नेम धरायचा. गोळी लागली की ताटली घंटेसारखी वाजते. अंतर चारशे यार्ड. ऑरिन दर वर्षी तोच डायलॉग मारायचा, "ज्या वर्षी पाच गोळ्यांत एकदाही घंटा वाजली नाही, त्या वर्षी डागणीचं लोखंड, म्हणजे सगळी रँच, लायलच्या हातात आणि मी गावातल्या वृद्धाश्रमात!" सगळे टाळ्या वाजवायचे, कारण घंटा वाजायचीच.

तिथे एक रीत आहे. नेम धरणाऱ्याशेजारी फक्त एकच जण झोपतो आणि दुर्बिणीतून गोळी कुठे पडली ते सांगतो. बाकीचे मागे, गाड्यांपाशी. दुसऱ्याच्या गोळीवर दुर्बीण लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं, असं ते मानतात. सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा. तीन वर्षांपूर्वी ऑरिनने या कामाला मार्लिसला निवडलं होतं. "बिलिंग्जला अक्कल नाही, पण डोळा आहे," तो म्हणाला होता. ती माझा बोल्ट, म्हणजे मागची खिटी, उघडा ठेवून, काडतूस न घालता, माझ्या दुर्बिणीतून पाहायची आणि सांगायची. तीनही वर्षं तिने खरं सांगितलं. "उजवीकडे, एक वीत." तो सरकायचा. घंटा वाजायची.

मग एका मार्चमध्ये एका गाईने ऑरिनला गोठ्याच्या फळीवर दाबलं. खांदा सुजला. मॅग्नमचा धक्का सोसवेना, म्हणून एका सकाळी तो गुपचूप मार्लिसकडे आला.

"तुझी ती पोरींची बंदूक दे जरा. हात आखडलाय, तो मोकळा करतो."

गोठ्यामागे तो मला घेऊन पालथा पडला. समोर बिळाचा मोठा उंचवटा. त्याने चाप ओढला. मी हलले नाही. दुर्बिणीच्या अगदी मधोमध चिखलाचा फवारा उडाला, आंधळ्यालाही दिसावा असा.

"कुठे गेली?" ऑरिनने विचारलं.

मार्लिसला वाटलं तो चेष्टा करतोय. त्याने पुन्हा गोळी झाडली. पुन्हा चिखल उडाला.

"ही कुठे गेली? बोल ना!"

तेव्हा तिला कळलं, आणि मलाही. मॅग्नम उसळायची, म्हणून इतकी वर्षं त्याला कोणी विचारलं नव्हतं की तुझी गोळी तुला का दिसत नाही. धक्क्याने त्याचं आंधळेपण झाकलं होतं. पांढरी ताटली त्याला धूसर ठिपक्यासारखी दिसत असणार, त्यापलीकडे काही नाही. माझ्यात धक्का नव्हता, म्हणून माझ्यासमोर तो उघडा पडला. मार्लिस म्हणाली, "मधोमध." तो खूश होऊन उठला आणि मला तिच्याकडे न देता चिखलातच ठेवून गेला. त्या दिवशी मला पुसायला ती संध्याकाळी बसली, आणि नळी लख्ख झाल्यावरही दुर्बिणीची काच पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

डागणीचा दिवस आला. जेवताना शेजारी गस क्लिंगर म्हणाला, "ऑरिन, लेका, आता पोराला दे की सगळं. सुनेचे हात बघ, बर्फ वितळवून वितळवून कसे फुटलेत!"

ऑरिनने मार्लिसच्या हातांकडे पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं. "फुटू देत. माझ्या बायकोचेही फुटले होते, ती रडत नव्हती. आणि ऐक, उत्तरेचं कुरण मी यंदा तुलाच भाड्याने देणार आहे. लायलच्या हातात दिलं तर ती बाई तिथे फुलझाडं लावील."

टेबल हसलं. लायल बुटांकडे बघत राहिला. मार्लिसने हातातलं गोडाचं ताट खाली ठेवलं आणि ती मला आणायला गेली.

ऑरिनने खांद्याला जाड उशी बांधून मॅग्नम घेतली. मार्लिस शेजारी पालथी झाली. वारा डावीकडून होता. पहिला बार झाला. मी माझ्या दुर्बिणीतून स्वच्छ दाखवलं, गोळी ताटलीच्या उजवीकडे गवतात एक वीतभर लांब पडली.

"डावीकडे पडली," मार्लिस म्हणाली. "एक वीत."

ऑरिन उजवीकडे सरकला. दुसरी गोळी हातभर उजवीकडे गेली.

"अजून डावीकडेच. वारा फिरलाय."

तिसरी गोळी टेकडीच्या कडेला गेली. मागे कोणीतरी खोकलं. ऑरिनच्या कानामागून घाम ओघळत होता. तो फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "पोरी, नीट बघ."

त्याने तिला पोरी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मार्लिसचा गाल माझ्या दस्त्याला टेकलेला होता आणि तो थंडगार होता.

"बघतेय. डावीकडे, दोन विती."

चौथीही गवतात गेली. पाचवी गोळी कुठे गेली ते मलाही दिसलं नाही, इतकी ती भलतीकडे होती. घंटा वाजली नाही. गसने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जाऊ दे रे, वाऱ्याचा दिवस आहे. ती पैज आपली जेवणातली गंमत." पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ऑरिन उठला, आगीजवळ गेला, डागणीचं लोखंड उचलून त्याने लायलच्या हातात दिलं. लायल "डॅड, डॅड" म्हणत राहिला. त्याने ते परत दिलं मात्र नाही.

जून संपायच्या आत मोठ्या घरात मार्लिसचे पडदे लागले. जायच्या दिवशी ऑरिनची पेटी गाडीत ठेवली होती, आणि निरोपाला तीच शेजारची मंडळी ओसरीवर जमली होती. मी दारामागच्या खुंटीवर होते. ऑरिनने हाताने चाचपत मार्लिसचा खांदा शोधला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने चाचपणं लपवलं नाही.

"ऐका रे सगळे," तो म्हणाला. "मला तीन वर्षं झाली, नीट दिसत नाही. ही सांगायची तेवढंच मला दिसायचं. लायल शेजारी असता तर बापाची लाज राखायला वाटेल ते बोलला असता. गस, तूही बोलला असतास. हिला मी सात वर्षं छळलं, आणि तरी ही एकटी माझ्याशी खरं बोलली. मार्लिस, तुझे उपकार आहेत माझ्यावर."

गसच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका मार्लिसकडे कौतुकाने पाहू लागल्या. तिने तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता सांगेल. आतल्या स्वयंपाकघरात नळ चालू राहिला होता, त्याच्या गरम पाण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "सांभाळून पायरी उतरा. पुढे अजून एक आहे." ती पायरी मात्र खरोखरच होती.

त्यानंतर मार्लिसने मला हात लावला नाही. लायलने एकदा काढलं तर ती त्याच्यावर ओरडली आणि मी या कपाटात आले. इथून मला फोन ऐकू येतो. दर रविवारी जेवणाच्या वेळी ऑरिन फोन करतो, आणि तो लायलशी बोलत नाही, मार्लिसलाच मागतो. उत्तरेच्या कुरणात गवत किती वर आलं, लाल घोडी व्याली का, ओसरीची तिसरी फळी बदलली का, सगळं तिलाच विचारतो. घोडी तर त्यांनी ऑगस्टमध्येच विकली. मार्लिस म्हणते, "शिंगरू झालंय. कपाळावर पांढरा ठिपका आहे." मग पलीकडून म्हातारा खोलीतल्या सोबत्याला मोठ्याने सांगताना ऐकू येतो, "ऐकलंस? कपाळावर ठिपका आहे! माझी सून सांगते म्हणजे तसंच असणार." मार्लिस फोन ठेवते, आणि तिचं ताट रविवारी तसंच राहतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला असं कोंडून ठेवू नका. ओली झाली तर पुसा, नळीतून तेलाचा बोळा फिरवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. एवढंच मागते, जास्त नाही. आणि कधी एखादा आंधळा तुमच्या शेजारी पालथा पडून विचारू लागला, "कुठे गेली?" तर जी गेली तीच जागा सांगा, मग तो कितीही दुष्ट असो. दुष्ट माणसाला फसवणं सोपं वाटतं. पण तो तुमच्यावर विश्वास ठेवायला लागला, की मग दर रविवारी फोन येतो, आणि तो उचलावा लागतो.